माझ्या आधी या खुर्चीवर कोण होतं?

वसई स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षात मागे तिघं बसली की चौथा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकतो. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी लटकणारा होता सॅन्टन. आणि मागे, दोन धष्टपुष्ट बायकांच्या मधोमध, छातीशी निळी फाईल कवटाळून बसली होती क्षितिजा.

"भाऊ, वालीवची ती झाकणांची कंपनी... आली की सांगाल का?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

उत्तर चौथ्याने दिलं. "माझ्यासोबत उतरा. मी सॅन्टन, तिथेच कामाला आहे." मग आरशातून तिच्याकडे बघत, "इंटरव्ह्यू ना?"

"कसं कळलं?"

"फाईल अशी धरलीय, जशी कुणी पळवणारच आहे." तो हसला, आणि जरा थांबून म्हणाला, "पण धरूनच ठेवा."

काय आगाऊ माणूस, असं तिला वाटलं. पण खरं सांगायचं तर पाच महिन्यांत तिच्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं. भाऊ परेश मस्कतला गेला आणि त्याचा रिकामा फ्लॅट राखायला, जमलं तर नोकरी शोधायला, ती लांज्याहून एकटी आली. कधीकधी सकाळी दूधवाला विचारायचा, "अर्धा लिटर?" ती म्हणायची, "हो." आणि दिवसाचं बोलणं तिथेच संपायचं. संध्याकाळी ती रेडिओ लावायची, ऐकायला नव्हे, घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून. बाबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत ये, स्थळं बघायची आहेत.

कंपनीत बाटल्यांची झाकणं बनत. मालक हर्षवर्धन, पण साहेब म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"दादा म्हणायचं! इथे आपण सगळे घरच्यासारखे," ते म्हणाले. टायपिंगचा वेग विचारला नाही, कॉम्प्युटर येतो का विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, घरी कोण कोण? एकटीच राहतेस? "अरे वा! म्हणजे सुटायला उशीर झाला तरी वाट बघणारं कुणी नाही."

तेवढ्यात त्यांची बायको वसुंधरा बशीतून साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. "खा गं, वाळलीयेस किती."

आणि क्षितिजाचे डोळे भरून आले. कुणीतरी हातात भरली बशी दिल्याला किती महिने झाले होते! त्या एका बशीवर ती जन्मभर तिथे कामाला राहिली असती. तेवढ्यात दादा म्हणाले, "सोमवारपासून ये. ओरिजनल सर्टिफिकेटं इथे ठेवून जा, कपाटात सांभाळून राहतील."

"आणि... अपॉइंटमेंट लेटर?"

दादा मोठ्याने हसले. "वेडी! घरात कुणी कुणाला लेटर देतं का?"

तिचा हात फाईलच्या दोरीवर गेला होता, तेवढ्यात तिला रिक्षातला तो 'धरूनच ठेवा' आठवला. "सोमवारी आणते," असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर पडली.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सॅन्टन उभा होता.

"दिलीत?" त्याने विचारलं.

"सोमवारी देणार आहे. किती चांगली माणसं आहेत... खिचडी दिली मला."

"मलाही दिली होती." तो कपात बघत राहिला. "चार वर्षं झाली. माझा डिप्लोमा त्या कपाटात आहे. दुसरीकडे जायचं म्हटलं की दादा म्हणतात, घर सोडून जातोस? घरात राजीनामा देता येत नाही हो, तीच तर मेख आहे."

क्षितिजा रागावलीच त्याच्यावर, हाताशी आलेलं घर मोडल्यासारखी. "मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"कारण..." सॅन्टनने मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही इथे आलात तर माझे दिवस बरे जातील ना. म्हणून सांगू की नको, यातच दोन तास गेले."

तिने फाईलची दोरी उगाच पुन्हा बांधली. मग तोच म्हणाला, "माझं ऐकू नका. सोमवारी त्यांना एकच विचारा... माझ्या आधी या खुर्चीवर कोण होतं, आणि ती का गेली? कंपनी सरळ असेल तर सरळ उत्तर येईल."

सोमवारी तिने विचारलं. दादांचं हसू मावळलं. "घरातल्या गोष्टी उकरून काढायच्या नसतात. ज्युली होती एक. कृतघ्न निघाली." मागे उभ्या वसुंधरावहिनींची नजर क्षणभर कपाटाकडे गेली आणि चटकन जमिनीवर आली. क्षितिजाला तेवढं पुरलं. तिने नमस्कार केला आणि फाईल घेऊन निघाली. बाहेर टपरीवर कुणी नव्हतं. सॅन्टन आत मशीनवर होता. त्याला निरोप द्यायचाही राहून गेला.

मग आले ते तीन आठवडे फार वाईट गेले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस, असं बाबा म्हणतील म्हणून तिने घरी कळवलंच नाही. एका ताटात जेवायची, एक ताट धुवायची. रेडिओ बंद केला की घर अंगावर येई. आणि काहीही कारण नसताना तिला लाल झालेले कान आठवत. त्याचा पत्ता तिला ठाऊक नव्हता, तिचा त्याला नव्हता. रोज वाटे, त्या गेटवर जावं... पण कुठल्या तोंडाने? चार दिवस त्याच्याशी बोलता यावं म्हणून नोकरी धरायला हवी होती का, असंही एकदा मनात येऊन गेलं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा वालीवलाच पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला बोलावणं आलं. मॅनेजर सालोमी मॅडम, केस घट्ट बांधलेल्या, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. टायपिंगची परीक्षा घेतली, दोन चुका दाखवल्या. चहासुद्धा विचारला नाही.

"तुला काही विचारायचंय?"

"माझ्या आधी... या खुर्चीवर कोण होतं?"

"अनुष्का. नवऱ्याची बदली झाली, पुण्याला गेली. हा तिचा नंबर, वाटलं तर फोन कर." मॅडमनी ओरिजनल्स झेरॉक्सशी ताडून बघितली आणि तिच्यासमोर परत ठेवली. "ही कुणालाही देत जाऊ नकोस. मलासुद्धा. लेटरच्या दोन प्रती आहेत, सही करून एक तू ने."

जीव भांड्यात पडला. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर हातात लेटर आणि दाखवायला कुणी नाही! पीसीओवरून लांज्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला, नुसती घंटा वाजत राहिली. आनंदातसुद्धा माणूस इतकं एकटं पडतं हे तिला त्या दिवशी कळलं. पाय आपोआप झाकणांच्या कंपनीकडे वळले.

"सॅन्टन?" वॉचमन आग्नेल म्हणाले. "सोडली त्याने. एक बाई नोकरी नको म्हणून गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून रोज दादांच्या केबिनसमोर उभा. एकच वाक्य, माझे कागद द्या. चौथ्या दिवशी वहिनींनीच कपाट उघडलं. त्याचे दिले, त्या ज्युलीचेही दिले." मग तिच्या हाताकडे बघून ते थबकले. "निळी फाईल... तीच का गं तू पोरी? तो सांगून गेलाय, फाईलवाली आली तर सांगा, वटारला चर्चच्या मागे, आलोशियसची वाडी, त्याच्या बापाची."

रविवारी नालासोपाऱ्याहून तिने वटारची एसटी धरली. केळीच्या वाडीतून ओल्या मातीचा वास येत होता. पाटाचं पाणी बायकोच्या धाकात असल्यासारखं निमूट वळणं घेत होतं. सॅन्टन फावडं घेऊन चिखलात उभा होता. तिला बघून त्याने फावडं चिखलातच रोवलं.

"तू... आलीस?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"दाखवायला आले," तिने लेटर पुढे केलं. हात धुऊन, पुसून, त्याने ते झाकणं तपासावीत तसं तपासलं. सही, तारीख, शिक्का.

"पास," तो म्हणाला. "मलाही नोकरी मिळाली, वसई पश्चिमेला. लेटरसकट."

ओट्यावर एक वेताची खुर्ची होती. आतून त्याची आई क्लेमेंटीन आली. "बस बाय, उभी का? आपलंच घर समज."

ते शब्द ऐकून दोघंही फिसकन हसली. आईला काही कळेना. ती पाणी आणायला गेली. क्षितिजा खुर्चीशी थांबली. विचारल्याशिवाय बसायचं नाही हे आता ती शिकली होती.

"माझ्या आधी... या खुर्चीवर कोण होतं?"

सॅन्टनचे कान पुन्हा लाल झाले.

"मांजर."

"आणि ती का गेली?"

"गेली नाही अजून. सांगतो तिला." मग हसू मावळलं, आणि तो हलकेच म्हणाला, "खरं सांगू? कुणीच नव्हतं, क्षितिजा. मी रोज संध्याकाळी ती खुर्ची पुसत होतो. तू येशील म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खिचडीच्या बशीनेही आलं होतं, पण तेव्हा ती उपाशी होती. आज ती जेवून आली होती.

ती खुर्चीवर बसली. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच, घराबाहेर असताना, तिने हातातली फाईल बाजूला ठेवली.