रिकाम्या स्टुलाची चाचणी

त्या मंगळवारी दुपारी बाबा नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले होते आणि मी नेहमीप्रमाणे ओरडत होते.

"बाबा, हलू नका ना!"

आमचं यंत्र मिलिमीटर लहरींनी कपड्यांच्या आरपार पाहायचं. कॅमेऱ्यासारखं क्षणात नव्हे. एकच संवेदक, त्याच्यापुढे झुलणारा आरसा, आणि वरून खाली एकेक ओळ. पूर्ण चित्राला चार मिनिटं. मधेच माणूस हलला की तिथल्या ओळी सरकायच्या. आरसा झुलवणारी यंत्रणा बाबांनी लेथवर स्वतः घडवली होती, म्हणून चाचणीला तेच बसायचे. शर्टाच्या खिशात त्यांची पोलादी मोजपट्टी. प्रत्येक चित्रात छातीवर ती पांढरी रेघ.

"डावा हात जड झालाय गं," ते म्हणाले.

"शेवटचं एक. चारच मिनिटं."

"मेल्यावर बसेन की मस्त, दगडासारखा." ते हसले, आणि बसले. खांद्यापाशी चित्र पुन्हा सरकलं. मी चिडून ते पुसलं.

बुधवारी सकाळी चहा होईपर्यंत ते गेले होते.

तीन आठवड्यांनी मी कामावर परतले. सुरुवात सोपी होती: रिकाम्या स्टुलाचं एक चित्र. पडद्यावर एकेक ओळ उतरत गेली. डोकं. मान. किंचित खाली कललेला डावा खांदा.

मी मधल्या काचेतून पलीकडे पाहिलं. स्टुलावर कुणी नव्हतं.

आमचा सहकारी मागे येऊन उभा राहिला. त्याला सगळे शंकासुर म्हणतात. "जुनं चित्र राहिलं असेल मेमरीत. पुसून टाक."

पुसलं. संगणक बंद करून चालू केला. स्टूल वीतभर उजवीकडे सरकवलं. आकृतीही वीतभर उजवीकडे आली.

"आरशाचा दोष असणार," तो म्हणाला.

"मग स्टूल कसं बरोबर दिसतंय?"

"थांब, तुझ्यासाठी चहा आणतो." त्याने आजवर कुणालाही चहा पाजलेला नाही.

मी चित्र मोठं केलं. छातीवर पांढरी रेघ नव्हती. म्हणजे हे जुनं चित्र नव्हतं. मोजपट्टी तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होती.

आणि एकही ओळ सरकलेली नव्हती. चार मिनिटांत श्वासाचीसुद्धा थरथर नाही. इतकं स्वच्छ चित्र या यंत्राने कधीच काढलं नव्हतं.

मी पुन्हा बटण दाबलं. आरसा झुलू लागला.

डोकं. मान. खांदा.

"बाबा," मी म्हणाले. खोलीत माझा आवाज मोठा वाटला. "हात जड झालाय म्हणालात, तेव्हा ऐकायला हवं होतं मी. हललात तरी चालेल. उठा आता."

पुढची ओळ जराशी सरकून उमटली.