चौथ्या डिटेक्टरवरची पिशवी

हसताय ना? हसून घ्या. तो दिवा मात्र राहू दे रे. मला अंधाराची भीती नाही, पण तुमच्यातला एखादा मध्येच किंचाळेल आणि शेजारीपाजारी बोल मला लावतील. ही गोष्ट माझ्या साडूंची. साडूभाऊंना थापा मारता यायच्या नाहीत. आल्या असत्या तर जन्मभर बायकोची बोलणी कशाला खाल्ली असती?

साडूभाऊ घराघरांत धुराचे अलार्म बसवायचे. छतावर बशीएवढी पांढरी डबी असते ना, तो डिटेक्टर. त्याला धूर लागला की जिन्याखालच्या पॅनलला कळतं आणि सायरन कोकलायला लागतो. नव्या डिटेक्टरवर धूळ जाऊ नये म्हणून एक पिवळं टोपण असतं. ते काढायचं राहिलं तर डबी आंधळी. म्हणून साडूभाऊ टोपण काढलं की डाव्या खिशात टाकायचे आणि निघण्याआधी खिसा चाचपायचे. जितक्या डब्या तितकी टोपणं. या सवयीत आयुष्यात कधी चूक झाली नाही.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवेलागण होऊन गेली होती आणि थंडी मी म्हणत होती. एका औषधवाल्याच्या दुमजली घरात चार डिटेक्टर बदलायचे होते. दोन महिन्यांपूर्वी वरच्या मागच्या खोलीत आग लागली होती. आग फार पसरली नव्हती, गादी आणि पलंगच जळला होता, पण धुरानं औषधवाल्याचे वडील गुदमरून गेले. सायरन वाजला तो धूर जिन्यापर्यंत आल्यावर. तोवर सगळं संपलं होतं.

"मिस्त्री, तासाभरात आटपा," औषधवाला दारातच म्हणाला. "पोरगी आजपासून त्या खोलीत झोपणार आहे. रंग दिलाय, पलंग नवा आणलाय."

त्याची बायको पाणी घेऊन आली. पदराशी सहा-सात वर्षांची पोर, झोपेला आलेली. "भाऊ, त्या मेल्या डबीनं माझे सासरे घेतले," ती म्हणाली. "ऐन वेळी बंद पडली. या वेळी नीट बघून लावा हो. माझी पोर झोपणार आहे तिथं."

"ताई, वाजल्याशिवाय मी घरातून हलणार नाही," साडूभाऊ म्हणाले.

जुन्या डब्या काजळीनं माखल्या होत्या. तीन सहज निघाल्या. चौथी, त्या मागच्या खोलीतली, वितळून छताला चिकटली होती. पेचकसानं खरवडून काढली तर तिच्या गळ्याशी जळक्या रबराचं कडं आणि प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. साडूभाऊंनी तो नखानं सोलला. डबी खराब नव्हतीच मुळी. कुणीतरी तिला पिशवी बांधली होती.

औषधवाला दारात उभा होता. साडूभाऊंनी नुसता तो पापुद्रा वर धरला.

"म्हातारा रात्री-बेरात्री सिगारेटी ओढायचा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "हे रोज बोंबलायचं. झोपेचं खोबरं व्हायचं आमच्या. पहाटे उठून दुकान कोण उघडणार, तुम्ही?" मग जवळ आला. "खाली यातलं एक अक्षर काढलंत ना मिस्त्री, तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही. लक्षात ठेवा."

साडूभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस पोटापुढे हरतो रे. ते मूग गिळून बसले. नवी डबी लावली, टोपण काढलं आणि खिशात टाकलं.

मग चाचणी. काठीच्या टोकाला धुराचा स्प्रे लावून डबीखाली धरायचा. स्वयंपाकघरातली वाजली. जिन्यातली वाजली. पुढच्या खोलीतली वाजली. दर वेळी खालून बाई ओरडून सांगायची, "वाजली हो!"

चौथी.

साडूभाऊंनी फवारा मारला आणि थांबले. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. त्यांनी वर पाहिलं.

डबीवर पिशवी होती. पारदर्शक, दुकानात औषधं घालून देतात तसली. गळ्याशी रबर बँड, दोन वेढे मारलेला.

त्यांना वाटलं, औषधवाल्याचाच चावटपणा. पण तो खाली पॅनलपाशी बायकोवर खेकसत होता, आवाज येत होता. पोर आईजवळ. साडूभाऊ स्टुलावर चढले, पिशवी ओरबाडून काढली आणि खाली फेकली. उतरले. काठी उचलली. वर पाहिलं.

पिशवी होती.

या वेळी आतून वाफ धरलेली. ते बघत राहिले. पिशवी आत ओढली गेली... डबीला चिकटली... मग फुगली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

खोलीत सिगारेटचा वास आला.

मागे दार लागलं. सावकाश. मग पलंगाची फळी करकरली. नवा पलंग, अजून कुणी त्यावर बसलंही नव्हतं...

आणि खोकला. खोल, ओला, म्हातारा खोकला.

साडूभाऊ वळले नाहीत. छाती दडपली. हवा घ्यायला तोंड उघडलं, हवा आत जाईना. काहीतरी गार, पातळ तोंडाला चिकटत होतं. हातानं ओढावं तर हाताला काहीच लागत नव्हतं. "काका... मी नाही... मी नाही बांधली..."

खोकला थांबला. श्वास कानाशी आला. वाट बघत राहिला.

तेव्हा साडूभाऊंना कळलं. बांधली नसली तरी झाकली त्यांनीही होतीच. मघाशी, गप्प बसून.

"सांगतो!" ते कसेबसे म्हणाले. "आत्ता सांगतो!"

दार उघडलं.

ते जिना उतरले म्हणण्यापेक्षा घसरले. खाली बाई घाबरून उभी. "ताई," ते धापा टाकत म्हणाले, "डबी बंद पडली नव्हती. तिला पिशवी बांधली होती. पोरीला वर झोपवू नका."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो?"

"नाटकं करतोय हा!" औषधवाला भडकला. "भित्रा लेकाचा! द्या तो स्प्रे, मी वाजवून दाखवतो." तो ताडताड वर गेला. दार आपटलं.

खाली तिघं ऐकत होती. स्टूल सरकल्याचा आवाज. स्प्रेची फुसफुस.

मग काही नाही.

मग खोकला...

पोर आईला म्हणाली, "आजोबा उठले."

बाईनं तिला पोटाशी धरलं. वर काहीतरी धाडकन पडलं. पाय आपटले. एकदा... दोनदा... मग तेही थांबलं. सायरन वाजला नाही.

साडूभाऊ धावले. दार ढकलावं लागलं नाही. औषधवाला पोरीच्या पलंगावर पडलेला. डोक्यात पिशवी. गळ्याशी रबर बँड, दोन वेढे. प्लॅस्टिक तोंडात गेलेलं. साडूभाऊंनी पेचकसानं ते टराटरा फाडलं. कितीतरी वेळानं त्यानं श्वास घेतला. पहिले शब्द दारातल्या बायकोला. "मीच बांधली... मीच."

बाईनं पोरीला स्वेटर घातला, कडेवर घेतली आणि त्याच पावली भावाकडे निघून गेली. ती परत आली नाही.

साडूभाऊंनी शब्द दिला होता. त्यांनी चौथ्या डबीखाली फवारा मारला. पहिल्या फटक्यात सायरन वाजला. खाली "वाजली हो" म्हणायला कुणी नव्हतं. आधी ओरबाडून फेकलेली पिशवी त्यांनी शोधली. जमिनीवर काही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सवयीनं डावा खिसा रिकामा केला. चारही टोपणं निघाली. त्यांच्याखाली पिशवी. अख्खी, फुगलेली, तोंडाशी रबर बँड.

त्यांनी ती फेकली नाही, तिचा रबर बँडही सोडला नाही. शेवटच्या आजारात मला कपाट उघडायला लावून दाखवली. सात वर्षं झाली होती. पिशवी तशीच फुगलेली, आतून वाफ धरलेली. मी जवळ जाऊन बघत होतो... वाफ हळूहळू विरली.

आणि पुन्हा धरली.