उजव्या हाताची दाढी

हळू बोल. बाबांचा आत्ता कुठं डोळा लागलाय. सकाळपासून ते मला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून जाग यायच्या आत त्यांना उचलून तुझ्या गाडीत नेऊन निजवायचं आहे. ते काम एकट्याचं नाही, म्हणून तुला, माझ्या मेहुण्याला, हाक मारली. पण त्यांना हात लावण्याआधी हे ऐकून घे. नाहीतर नंतर म्हणशील, भावजींनी आधी सांगितलं असतं तर मी या घरात पाऊलच ठेवलं नसतं. बस इथं. दिवा असाच बारीक राहू दे.

बाबांची नजर गेली, पण ऐट गेलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. अजूनही माझ्या शर्टाची कॉलर बोटांनी चाचपून 'हे कुणी शिवलं, कसायानं का?' असं विचारतात. दाढी एक दिवसाआड झालीच पाहिजे, आणि तीही त्यांच्या जुन्या, शिंगाच्या मुठीच्या वस्तऱ्यानं. मी विजेवर चालणारं यंत्र आणून पाहिलं. "हे मेंढ्यांसाठी ठेव," म्हणाले. शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्यातून डावखुरा. लहानपणी बाबांनी कात्री दिली ती मी डाव्या हातात धरली, तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी डावऱ्याच. त्यांनी मला वस्तरा शिकवला तो खुर्चीत बसून, स्वतःच्या गालावर, एकेक चूक सोसत. धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर पातं कसं फिरवायचं, कातडी कशी ताणून धरायची, सगळं नुसत्या तोंडी. आणि एक गोष्ट दरडावून सांगितली. पातं गळ्यावर असताना कुणी कुणाला दचकवायचं नाही. घराला आग लागली तरी आधी हात उचलायचा, मग ओरडायचं.

गेल्या आठवड्यात मी कामासाठी बाहेरगावी गेलो होतो. परत आलो ती सकाळची वेळ. बाबा नेहमीसारखे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते आणि त्यांचे गाल गुळगुळीत होते.

मी तुझ्या ताईला विचारलं, "दाढीला कुणाला बोलावलंस?"

"कुणाला म्हणजे? मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर हे असे चकाचक. मला वाटलं, तुम्हीच येऊन केलीत आणि कुठं तरी उलथलात."

"मी आत्ता येतोय. बॅग अजून खांद्यावर आहे माझ्या."

बाबा मात्र एकदम खुशीत होते. "हात सुधारला रे तुझा, डावऱ्या. कुठं एक ओरखडा नाही. आणि उजव्या हातानं कधीपासून करायला लागलास?"

"उजव्या हातानं कशावरून?"

"डोळे गेलेत, डोकं नाही. तू नेहमी माझ्या डाव्या खांद्याशी उभा राहतोस. आज उजव्या खांद्याशी होतास. हात मात्र गारढोण होते तुझे. ऊन पाण्यात बुडवून घेत जा."

मला वाटलं, हिनंच कुणाला तरी बोलावलं असणार आणि आता माझी गंमत करते आहे. त्यावरून आमची चांगली जुंपली. ती दिवसभर तोंड फुगवून बसली. मी वस्तरा काढून पाहिला. तो डबीत जसा ठेवला होता तसाच होता, पात्यावरचं तेलसुद्धा पुसलेलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा टॉवेल होता. त्याच्या कडेला फेसाच्या रेघा होत्या, एकाखाली एक, अगदी सरळ. मी फेस पुसतो तेव्हा टॉवेलची नुसती रांगोळी होते.

तरीही मी मनाची समजूत घातली. वस्तरा हत्यारांच्या पिशवीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. त्यानंतर परवापर्यंत दाढी मीच केली. बाबांना दोनदा कापलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मला उलट बरंच वाटलं.

आता आज सकाळचं सांगतो.

मी पिशवीचं कुलूप उघडून वस्तरा घेतला आणि बाबांच्या खोलीकडे निघालो. मागोमाग तुझी ताई कढत पाण्याचं भांडं घेऊन येत होती. दारात आलो आणि थबकलो. बाबांच्या खांद्यावर टॉवेल होता. तोंडभर फेस होता. ब्रश फळीवर होता, कोरडा.

खोलीत वास येत होता. फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी ओतताना येतो ना, तसला.

बाबांनी मान मागे टाकली. हनुवटी वर गेली... आपली आपण नाही. कुणीतरी खालून बोट लावून उचलावी तशी. मग उजव्या कानाजवळची कातडी वर ओढली गेली. तिथं एक खळगा पडला, अंगठ्याएवढा. आणि आवाज आला. खर्र...

तो आवाज मी हजारदा ऐकलाय, माझ्याच हाताखाली. कानापासून जबड्यापर्यंत फेसाचा एक पट्टा निघून गेला. खाली स्वच्छ गाल. उजव्या खांद्यावरच्या टॉवेलवर फेसाची एक रेघ उमटली. पुन्हा, खर्र... पहिलीखाली दुसरी.

वस्तरा माझ्या हातात होता. मिटलेला.

तुझ्या ताईच्या हातातलं भांडं कललं आणि ते कढत पाणी माझ्या पायांवर पडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडाशी आलेली किंकाळी मी कशी गिळली, माझं मला माहीत. हिनं ओरडायला तोंड उघडलं, ते मी हातानं दाबून धरलं. तिला डोळ्यांनीच सांगितलं, नको... त्यांना दचकवू नको...

"डावऱ्या," बाबा म्हणाले, "गप्प का रे आज?"

खरखर थांबली.

"तूच आहेस ना?" त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांच्या गळ्यावरच्या फेसात एक आडवी रेघ उठली, बारीक, सरळ, पातं टेकवल्यासारखी. टेकलेलीच राहिली. बाबांनी आणखी तसूभर मान फिरवली असती तर...

"मीच आहे, बाबा," मी म्हणालो. "हलू नका."

"आवाज लांबून आला तुझा."

मी पुढे झालो. पोळलेली पावलं फरशीवर टेकत नव्हती. त्यांच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "इथंच आहे. अजिबात हलू नका."

बाबा सैलावले. गळ्यावरची रेघ उचलली गेली आणि गालावर पुन्हा खरखर सुरू झाली, सावकाश, बिनघोर. मी परवानगी द्यावी म्हणूनच ते थांबलं होतं, असं मला वाटलं. मी हात लांब केला असता तर काय लागलं असतं कोण जाणे. माझी छाती झाली नाही. मी भ्यालो, अरे. सख्खा बाप समोर गळा उघडा टाकून बसलेला, आणि मी तिथं उभा राहून त्याला हलू नका, हलू नका म्हणत होतो.

आवाज बंद झाला तेव्हा गाल, ओठ, हनुवटी, सगळं साफ झालं होतं. फक्त मानेवरचा फेस तसाच होता. तो वाळत चालला होता.

मी हिला म्हटलं, कपडे भर, आपण तासाभरात निघतोय. तुला फोन केला. बाबांना सांगितलं, चार दिवस मेहुण्याकडे जाऊ.

"असा? अर्धवट दाढीनं? लोकांच्या दारात?"

हट्ट तुला माहीतच आहे. मी म्हटलं, त्यात काय, मानेवरचं आत्ता उरकतो. नवा फेस केला, वस्तरा उघडला. नेहमीसारखा डाव्या खांद्याशी उभा राहिलो, उजव्या हाताची बोटं त्यांच्या हनुवटीला लावली आणि डाव्या हातानं पातं जवळ नेलं.

बाबा अंग चोरून मागे सरले. "कोण आहे?"

"मी, बाबा. डावऱ्या."

"हात काढ. कोण आहेस तू?"

"बाबा, असं काय करता... मीच आहे."

त्यांनी माझ्याकडे तोंडसुद्धा केलं नाही. मान उजवीकडे वळवली. तिकडे काही नाही रे, नुसती भिंत आणि कपाट. तिकडे बघून त्यांनी हाक मारली, लहान मुलानं मारावी तशी घाबरून.

"डावऱ्या! अरे बघ ना, हा कोण आलाय... डाव्या हाताचा. मला हात लावतोय."

मी वस्तरा चटकन मागे घेतला. बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच त्यांच्या उजव्या खांद्याशी कुणीतरी खाकरलं, मी बोलण्याआधी खाकरतो तसंच, आणि माझ्या आवाजात म्हणालं,

"राहू द्या, बाबा. मानेवरचं उद्या करू."

बाबांनी निवांतपणे डोकं मागे टेकलं. आतल्या खोलीतून, बॅग भरता भरता, तुझ्या ताईनं मला ओरडून विचारलं, "अहो, उद्या कशाला? आत्ताच उरकून टाका ना!"