वह्या सोमवारच्या आत!

“गेली! सगळीच्या सगळी गेली!” फिरकी सभागृहाच्या दारातूनच ओरडला.

“काय गेलं? नीट सांग की!” हातातली गोंदाची बाटली सांभाळत त्याची बहीण म्हणाली. ती तेरा वर्षांची, पण उंचीने आत्यालाही मागे टाकलेली, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत. फिरकी दहा वर्षांचा. तो एका जागी उभा राहिलेला अजून कुणी पाहिला नव्हता.

“अगं, आपली खोकी!”

मोजपट्टीने आत डोकावलं. काल दुपारपर्यंत भिंतीला टेकून छतापर्यंत चढलेली खोकी होती. आज तिथे फक्त फरशी होती, तीही नुकतीच पुसलेली.

सुट्टीला आत्याकडे आलेल्या या भावंडांनी आणि आत्याच्या मागच्या गल्लीतल्या टिपकागदने गेले तीन आठवडे हातगाडी ढकलत घरोघरी फिरून ती खोकी भरली होती. वह्या, दप्तरं, रंगपेट्या, कंपासपेट्या! ज्यांना हे विकत घेणं जमत नव्हतं, अशा मुलांसाठी. आणि शाळा उघडायला उरले होते चार दिवस.

“चोरी!” फिरकीचे डोळे चमकले.

“कसली चोरी रे?” बादली घेऊन जाणाऱ्या सफाईवाल्या बाई म्हणाल्या. “हॉल उद्या भाड्याने दिलाय. काल संध्याकाळी टेम्पोवाला घेऊन गेला सगळं. चष्मेवाल्यांनीच पाठवला होता त्याला.”

चष्मेवाले काका या मदतकार्याचे प्रमुख. टिपकागदला सोबत घेऊन तिघंही धावत त्यांच्या दुकानात पोचली, तेव्हा काका एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते.

“खोकी ना? अगदी सुरक्षित आहेत. नेहमीच्या जागी!”

“नेहमीची जागा म्हणजे कुठे, काका?”

“ते टेम्पोवाल्याला ठाऊक असतं. तुम्ही निश्चिंत खेळा. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे. पाहुण्याबाई येणार, व्यासपीठ, फोटो... झोकात होणार सगळं!”

“वीस तारीख?” मोजपट्टी थक्क झाली. “पण शाळा सोमवारी उघडतेय!”

“अगं बाळा, वह्या म्हणजे काय भाजी आहे का, चार दिवसांत नासायला?” काका हसले आणि पुन्हा आजोबांच्या कानामागे काडी बसवू लागले.

दुकानाबाहेर फिरकी फणफणला, “काकांना स्वतःचाच नंबर बदलायला हवाय!”

एरवी एकदा ऐकलेलं सगळं टिपकागदच्या डोक्यात पक्कं बसायचं, आणि ते घडाघडा बोलून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आत्ता मात्र ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

टेम्पोवाले काका टेम्पोखाली झोपून काहीतरी दुरुस्त करत होते. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

“काका, खोकी कुठे ठेवलीत?” फिरकीने चपलांना विचारलं.

“नेहमीच्या जागी,” चपला म्हणाल्या.

“म्हणजे कुठे?”

“पोहण्याच्या तलावावर. कपडे बदलायची मोठी खोली आहे ना, तिथे. तलाव दोन वर्षांपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, खोली रिकामीच!”

घरी जाऊन आत्याला सांगावं, असं मोजपट्टीचं मत होतं. पण आत्या शाळेत शिक्षिका, ती तयारीसाठी शाळेत गेलेली. शेवटी फक्त बघून यायचं, असं ठरलं. भरभर जेवून तिघं तलावावर पोचली, तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

फाटक उघडंच होतं. रखवालदाराची खुर्ची रिकामी. खोलीच्या दाराला मात्र भलंमोठं कुलूप.

“मागे झरोका आहे!” फिरकी आधीच मागे पळाला होता. “ताई, खांदा दे!”

“हळू! मानेवर नको ना पाय देऊस!”

“मग मान मधे कशाला आणतेस?”

फिरकी आत उतरला आणि त्याने मागच्या दाराची कडी काढली. आत खोकी होती! सगळी, कोरडी, एकावर एक रचलेली. मोजपट्टीने सुटकेचा श्वास सोडला.

“हे खोकं आपलं नाहीये,” टिपकागद कोपऱ्यातून म्हणाली.

ते रांगेच्या मागे, भिंतीला चिकटून होतं. त्यावर गेल्या वर्षीची तारीख होती. पुठ्ठा इतका मऊ पडला होता की हात लावताच फाटला. आत दप्तरं होती. त्यांच्यावर हिरवट बुरशी चढली होती, आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधलेली. टिपकागदने एक चिठ्ठी उलटी केली आणि तिचा हात थांबला.

मोजपट्टीने वाकून वाचलं. चिठ्ठीवर टिपकागदचंच पूर्ण नाव होतं.

“गेल्या वर्षी मला सांगितलं होतं, सामान संपलं,” टिपकागद हळूच म्हणाली. “शाळा सुरू होऊन दोन महिने झाल्यावर तो कार्यक्रम झाला. तोवर बाई फळ्यावर लिहायच्या आणि मी नुसती बघायचे. लिहायला काहीच नव्हतं, मग डोक्यातच ठेवायचे. नाव पुकारलं जाईल म्हणून शेवटपर्यंत थांबले होते मी. नाही पुकारलं.”

“तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस!” फिरकी प्रथमच एका जागी उभा होता.

“काय बोलायचं? लोकांच्या दारात वह्या मागत होतो ना आपण. त्यातली एक माझी, असं सांगायचं?”

मोजपट्टीने टिपकागदचा हात घट्ट धरला.

टप्! फिरकीच्या नाकावर थेंब पडला. त्याने वर पाहिलं. खोक्यांच्या बरोब्बर वर शॉवरची रांग होती. नवेकोरे, चकचकीत शॉवर. खाली बंद करायचा एकही नळ अजून बसवलेला नव्हता. पाणी सोडलं की सगळे एकदम सुरू होणार!

“ताई, दारावर काय लिहिलंय बघ!”

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता : ‘गुरुवारी दुपारी चार वाजता सर्व शॉवरची चाचणी. खोली रिकामी ठेवावी.’

“आज गुरुवार!” मोजपट्टी किंचाळली. “किती वाजले?”

“चारला पाच कमी!”

“पाच मिनिटांत एवढी खोकी हलणार नाहीत. पाणीच थांबवायला हवं!”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत टिपकागद बाहेर पडली होती. कुठल्यातरी पंपाचा आवाज येत होता, त्या दिशेने ती धावत सुटली. तलावाला वळसा घालून पोचली, तर पंपघरात प्लंबरकाका मोठ्या चाकावर दोन्ही हात ठेवून उभे!

“थांबा! पाणी सोडू नका!”

पंप घरघरत होता. काकांना काहीच ऐकू आलं नाही. चाक फिरू लागलं. टिपकागद सरळ काकांच्या हाताखालून आत घुसली आणि चाकाला लोंबकळली!

“अरे देवा! कोण गं तू?” काकांनी घाबरून पंप बंद केला.

“तिथे... वह्या आहेत!” तिला धाप लागली होती. “चारशे मुलांच्या वह्या!”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “मला कुणीच सांगितलं नाही! आणखी एक वेढा दिला असता तर सगळं भिजलं असतं, पोरी!”

खोलीत शॉवर दोनदा खोकले, चार थेंब गाळले आणि गप्प झाले. खाली एका खोक्यावर फिरकी आपला शर्ट पसरून बसला होता. त्याला पाहून मोजपट्टीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

प्लंबरकाकांनी फोन केले. अर्ध्या तासात टेम्पो आला, आत्या आली, आणि कपाळावरचा घाम पुसत चष्मेवाले काकाही आले.

“काका, आता कोरडी जागा कुठे मिळणार?” मोजपट्टीने भोळा चेहरा करून विचारलं.

“तेच तर! कुठे ठेवायची आता?”

“शाळेत ठेवा. वर्ग रिकामे आहेत,” आत्या म्हणाली.

“वा! ठरलं तर मग!”

“फक्त,” मोजपट्टी म्हणाली, “सोमवारी त्या वर्गांत मुलं बसणार. म्हणजे रविवारपर्यंत वर्ग मोकळे करायला लागतील. नाही का, आत्या?”

आत्याने हसू दाबलं. “लागतीलच!”

“पण पाहुण्याबाई? कार्यक्रम?” काका गडबडले.

टिपकागदने बुरशी आलेलं दप्तर त्यांच्यासमोर धरलं. काकांनी चिठ्ठी वाचली. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा चिठ्ठी वाचली.

“गेल्या वर्षी तू मला विचारायला आली होतीस,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “आणि मी न बघताच संपलं म्हणालो.”

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या पाहुण्याबाईंना फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल इतका खणखणीत होता. “शाळा सोमवारी उघडतेय आणि तुम्ही माझ्यासाठी थांबलात? कमाल करता! मुलांना आधी देऊन टाका. फोटो काय, कधीही काढता येतील!”

रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर व्यासपीठ नव्हतं की माईक नव्हता. मुलं येत होती, आपलं दप्तर निवडत होती आणि पळत होती. टिपकागदने कितीतरी वेळ विचार करून निळं दप्तर घेतलं, आणि ते चष्मेवाल्या काकांनी स्वतः तिच्या खांद्यावर चढवलं.

“पुढच्या वर्षी तारीख तुम्ही तिघं ठरवा,” ते म्हणाले. “मी फक्त सह्या करीन.”

“शाबास रे पोरांनो!” प्लंबरकाका म्हणाले. “मात्र माझ्या चाकाला लोंबकळायचं नाही हं!”

भावंडांची स्वतःची शाळा आठवड्याने उघडणार होती. सोमवारी दुपारी ती दोघं आत्याची वाट बघत पायरीवर बसली होती. आत्या आली, चप्पल काढायचीही विसरली आणि त्यांच्याशेजारीच टेकली.

“काय झालं, आत्या?”

“काही नाही रे. अकरा वर्षं शिकवतेय. पहिल्या दिवशी ‘वह्या काढा’ म्हटलं की मी मुलांकडे बघत नाही, फळ्याकडे तोंड करते. ज्यांच्याकडे नसतात, त्यांना लाज वाटू नये म्हणून.” तिने डोळे पुसले आणि हसली. “आज मी वर्गाकडे तोंड करून म्हटलं!”