दुसरा भोपळा

ऑगस्ट संपायच्या आत यंदाची सक्तीची नेमबाजी उरकून घ्या, असं सैन्याचं पत्र आलं, तेव्हा कुर्दिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मुलीच्या सायकलची साखळी बसवत होता. पत्राचं त्याला काही नवल नव्हतं. स्वित्झर्लंडात सैन्यातलं वय सरेपर्यंत रायफल घरच्या कपाटात असते आणि वर्षातून एकदा ती खांद्याला लावून कुठल्या तरी क्लबात जावंच लागतं. कुठल्या, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

खाली शहरात नवी रेंज होती. गोळी कुठे लागली ते तिथे शेजारच्या पडद्यावर आपोआप दिसायचं, कॉफीचं यंत्र होतं, गाड्या लावायला ऐसपैस जागा होती. पण तिथे जायला अख्खा घाट उतरायचा, शिवाय रांग. आणि दुसरं मैदान इथेच, इनरबोडन गावाच्या कुरणाच्या टोकाला. हातातलं सफरचंद खाऊन संपेपर्यंत चालत पोचता येईल इतकं जवळ.

"गावातच जा की," मादलेना, त्याची बायको, म्हणाली. "वर्ष झालं आपल्याला इथे. बेकरीत मला अजून 'ती नवी बाई' म्हणतात. तू चार गोळ्या झाडल्यास तर निदान चार ओळखी होतील."

"आणि नेम चुकला तर?"

"तर हसतील. हसले म्हणजे ओळख झालीच समज."

कुर्दिनला ते पटलं. तो पुलांच्या तपासणीच्या खात्यात होता. दिवसभर हातोडी आणि टॉर्च घेऊन भेगा बघत हिंडायचं, हे त्याचं काम. जिचं कारण सापडत नाही अशी भेग आपण आजवर पाहिली नाही, असं तो म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळा म्हणायचा.

शनिवारी तो गेला. लाकडी शेड, कठड्यावर लाल फुलांच्या कुंड्या, आत रायफलीच्या तेलाचा आणि बार्लीच्या सुपाचा वास. क्लबचा प्रमुख योरी, सत्तरीचा, हाडापेरानं मजबूत माणूस, हात पुढे करून उठला.

"नमस्कार, मी तुम्हाला—"

"आत आलास की अहो-जाहो बाहेर. मी योरी. ही मेंगा. नियम ती सांगते, सूपही तीच करते. दोन्ही गपचूप गिळायचं."

मेंगानं पातेल्यातला डाव न थांबवता नियम सांगितले. लाल निशाण वर असेतो कुरणात पाऊल टाकायचं नाही. कानांवरची टोपणं काढायची नाहीत. रायफलीचं तोंड कायम समोर. बिअर शेवटच्या गोळीनंतर.

"हे सगळं सैन्यात पाठ झालंय," कुर्दिन म्हणाला.

"पुढचं नाही झालेलं. खात्री नसेल तर गोळी झाडायची नाही. काडतूस उतरवायचं आणि त्या डब्यात टाकायचं. इथे कुणी हसत नाही."

कोपऱ्यात दुधाचा जुना कॅन होता. तो न झाडलेल्या काडतुसांनी काठोकाठ भरला होता.

"आणि कुणाला भोपळा मिळाला की त्या दिवशीचा खेळ बंद. सगळ्यांचा. ज्याला मिळाला त्यानं तडक घर गाठायचं. बिअर नाही, गप्पा नाहीत."

कुर्दिनला हसू आलं. "एका भोपळ्याला एवढी शिक्षा? सैन्य तर तीन भोपळे माफ करतं."

"सैन्य करतं," योरी म्हणाला.

बाकी कुणी हसलं नाही. बाकावर बसलेला एक तरुण सुपात पाव बुडवत राहिला. योरीनं त्याच्याकडे मान वळवली. "हा लुत्सी. आमच्यातला सगळ्यात पक्का नेम ह्याचा. लग्न झाल्यापासून मात्र फक्त सूप प्यायला येतो."

"बायको ओरडते वाटतं?" कुर्दिननं विचारलं.

"तिला काही माहीत नाही," लुत्सी म्हणाला, आणि पुन्हा वाडग्यात बघायला लागला.

"तुझ्या घरी कोण कोण?" योरीनं विचारलं.

"बायको आणि मुलगी, उर्सिना. पहिलीत जाईल आता."

मेंगाच्या हातातला डाव थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

तो दुपारभर बघत बसला. लांब, उताराच्या पायथ्याशी नेमाचे फलक उभे होते आणि त्यांच्याखालच्या खड्ड्यात एक माणूस बसलेला होता. गोळी लागली की तो लांब काठीवरची चकती वर काढून जागा दाखवायचा. चकती डावीउजवीकडे हलली, तर गोळी फलकावर नाहीच, म्हणजे भोपळा. कुर्दिननं ही पद्धत फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली होती. त्या दिवशी चकती एकदाही तशी हलली नाही. माणसं फार हळू झाडत होती. एक म्हातारा चटईवर पालथा पडून इतका वेळ नेम धरून राहिला, की त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकायला लागला. शेवटी त्यानं काडतूस काढलं, उठून कॅनमध्ये टाकलं, आणि शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लाल निशाण उतरल्यावर कुर्दिन सहज उताराकडे जाऊन आला. सवयच ती. फलकांच्या मागची माती गोळ्यांनी चाळण झाली होती. आजूबाजूची मात्र कोरी. गवतसुद्धा मोडलेलं नाही. एवढ्या वर्षांत एकही गोळी बाजूला गेलेली नाही, म्हणजे नेमबाज आहेत खरे, असं त्यानं घरी येऊन कौतुकानं सांगितलं.

पुढच्या शनिवारी त्याची पाळी होती. योरीनं त्याला शेडच्या बाहेर बोलावलं.

"तू शहरात जा. मी गाडीनं सोडतो, परतही आणतो."

"का?"

"सक्तीच्या नेमबाजीत शेवटी घाईच्या गोळ्या असतात. वेळ ठरलेली, थांबता येत नाही. आमची माणसंसुद्धा तेवढ्यासाठी खालीच जातात."

"नियम आहे का तसा?"

"नाही. सक्तीच्या नेमबाजीला आलेल्याला मला अडवता येत नाही." योरीनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "अडवता आलं असतं, तर विचारलं नसतं."

कुर्दिनच्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर ह्या गावानं त्याला पाहुण्यासारखं वागवलं होतं, आणि आता स्वतःची रायफलही त्यानं दुसरीकडे जाऊन चालवायची. तो आत गेला आणि चटईवर पालथा पडला.

सुट्या गोळ्या छान गेल्या. चकती दर वेळी काळ्या वर्तुळातच टेकली. मग घाईच्या गोळ्यांचा हुकूम झाला. पहिली, दुसरी, तिसरी. घाम डोळ्यात उतरला. चौथीचा घोडा ओढतानाच त्याला कळलं, आणि पाचवी त्याच वैतागात सुटली.

लांब चकती वर आली. काळ्यात. पुन्हा काळ्यात. मग कडेला.

मग ती डावीउजवीकडे हलली. खाली गेली.

पुन्हा वर आली. डावीकडे. उजवीकडे.

रांगेतल्या सगळ्यांनी एकामागून एक आपापल्या रायफलीतली काडतुसं उतरवली. लाल निशाण उतरलं. खड्ड्यातला माणूस वर चढून आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"जा," योरी म्हणाला.

"माझी रायफल—"

"ती आम्ही बघतो. जा तू!"

तो निघाला. कान लाजेनं तापले होते. कुरणाच्या मध्यावर त्यानं मागे वळून पाहिलं. सगळे कठड्याशी उभे होते. एकही जण बसला नव्हता, एकानंही बाटली उघडली नव्हती. सगळे त्याच्याकडे बघत होते.

तेव्हा तो पळायला लागला.

मादलेना तळघराच्या दारात उभी होती. हात कोपरापर्यंत लाल.

"ओरडू नकोस, मुरांबा आहे!" ती म्हणाली. "रासबेरीची बरणी फुटली. आपोआप! उर्सिनाला आणायला पाठवली होती, तर ही पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत बसली. बरं झालं बाई, नाहीतर तोंडावरच फुटली असती."

उर्सिना पायरीवर बसून बोट चाटत होती. कुर्दिननं तिला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग तो तळघरात गेला. काचांच्या खाली, मुरांब्यात, त्याला गोळी सापडली. अजून कोमट होती.

तळघराला खिडकी नव्हती. भिंती दगडी. त्यानं टॉर्च लावून प्रत्येक सांध्यावरून बोटं फिरवली. भोक नव्हतं. ओरखडासुद्धा नव्हता.

"काय सापडलं रे?" वरून मादलेनानं विचारलं.

"काही नाही. खडा."

संध्याकाळपर्यंत त्यानं घर पिंजून काढलं. माळा, गाद्या, कौलं, लाकडांची थप्पी, सगळं. दुसरी गोळी मिळाली नाही.

दिवेलागणीला योरी आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. त्यानं रायफल आणली होती आणि शिक्का मारलेलं सैन्याचं पुस्तक.

"पास झालास," तो म्हणाला.

कुर्दिननं मूठ उघडली. योरीनं गोळी उचलून दिव्याकडे धरली आणि पुन्हा त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही एक. दुसरी?"

"डोंगरात गेली असेल."

"डोंगरात आजवर गेलेली नाही. घर पुरतं बघितलंस?"

"पुरतं."

"मग ती अजून पोचायची आहे."

कुर्दिन हसायला गेला, पण हसू आलं नाही. आतून उर्सिनाच्या गाण्याचा आवाज येत होता. त्यानं दार पाठीमागे ओढून घेतलं.

"कधी?"

"मेंगाच्या नवऱ्याची त्याच संध्याकाळी आली. मेंगा बागेत होती, तिची आई घरात." योरी अंगणाकडे बघत होता. "माझी सुटली, तेव्हा पोरगा पाळण्यात होता. पोचली, तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. मधे दोनदा घर बदललं आम्ही."

"शेवटी शेवटी तो सारखा कानावरून हात फिरवायचा," योरी म्हणाला. "मी म्हणायचो, केस काप जरा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर काय म्हणाला असतास?"

काय म्हणालो असतो, ते कुर्दिनला पक्कं माहीत होतं. दुपारच्या जेवणाला सगळ्या ऑफिसला हसवलं असतं.

"आणि तरी तुम्ही झाडता?"

"खात्री असेल तेव्हा," योरी म्हणाला आणि अंगणातून निघून गेला.

मादलेनाला त्यानं काही सांगितलं नाही. तिला सांगून ती भीती निम्मी होणार नव्हती, दुप्पट झाली असती. त्यानं उर्सिनाचा पलंग बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला. मग तिथूनही काढून खोलीच्या मधोमध ठेवला. ती शाळेतून यायला जरा उशीर झाला, की तो कोट न घालताच रस्त्यापर्यंत जाऊन यायचा. जेवताना तो तिच्या आणि खिडकीच्या मधे बसायचा. मग वाटायचं, खिडकीकडूनच येईल कशावरून? मग उठून तिच्या पाठीशी उभा राहायचा.

"पूल तपासून तपासून तुला आता घरही पडेलसं वाटायला लागलंय," मादलेना म्हणायची. "बस की खाली, सूप निवतंय."

शनिवारी तो क्लबात जायचा. रायफलीला हात लावायचा नाही. लुत्सी बाकावर सरकून त्याला जागा करून द्यायचा आणि दोघं सूप प्यायचे. आताशा गावातली माणसं त्याला नावानं हाक मारत होती. बेकरीवाली मादलेनाला न मागता एक गोड पाव जास्त घालायची आणि पैसे घ्यायची नाही. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" मादलेना खुशीत म्हणायची. "झाल्या की नाही ओळखी?"

हिवाळा आला. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं. इतके महिने काही झालं नाही म्हटल्यावर त्याचं मन हळूहळू सैल पडायला लागलं. बरणीत ती गोळी आधीपासूनच असेल कुणाची तरी. दुसरी डोंगरातच असेल. बर्फ वितळलं की आपण फावडं घेऊन जाऊ आणि उतार खणून काढू. कारण सापडत नाही अशी भेग नसते.

फेब्रुवारीतला रविवार. शेगडी पेटलेली. मादलेना आत कणीक मळत होती. उर्सिना टेबलाशी बसून चित्र काढत होती, जीभ ओठांत धरून. तिनं कानावरून हात फिरवला.

कुर्दिननं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

तिनं घराला लाल छप्पर रंगवलं. पुन्हा कानाशी हात नेला, काही तरी उडवून लावल्यासारखा.

"काय गं, काय होतंय?"

"माशी."

त्यानं खोलीभर पाहिलं. बाहेर सगळं गोठलेलं होतं. छताला, दिव्याशी, काचेवर, कुठेच काही नव्हतं.

"कुठाय माशी?"

"ही काय, इथे," वर न बघताच ती म्हणाली आणि तिनं तांबडी पेन्सिल उचलली. "काल लांब होती."