हळदीच्या पोत्यांवरचा आळ

“तो मेला सुजका हात आत घे! लेकीच्या चुड्यात अपशकुन करून राहिली!”

खाटेवरून सासू चंद्रभागाबाई कडाडल्या आणि ओटीवर बसलेल्या कासाराच्या हातातली हिरवी बांगडी तिथंच थबकली... कोमलच्या लग्नाचा चुडा भरायचा तर आधी तिच्या आईच्या हातात बांगड्या चढायला हव्यात, ही घरची रीत. पण मनकर्णेचा डावा हात असा फुगला होता की कासाराकडं त्या मापाची बांगडीच नव्हती! तिनं निमूटपणे हात पदराखाली घेतला.

तीन वर्षांपूर्वी कर्करोगानं तिचा स्तन नेला, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. या हातानं जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याच वर्षी सासूबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला! आईला लेकानं उचलून न्हाणीत न्यायचं? छे! या घरात ते सुनेचंच काम. नवरा वैजनाथ तोंड फिरवून शेतात जायचा आणि मनकर्णा सासूला कवेत घेऊन उठवायची... हात सुजत गेला, जड झाला, ठणकू लागला. आणि जिच्यासाठी सुजला तिनंच त्याची किळस करावी, याहून मोठी क्रूरता ती कोणती?

आता नांदेडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. हातात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या नळ्या शिरांना जोडून द्यायच्या. उशीर झाला तर हात कायमचा घट्ट होऊन बसेल. पुढच्याच आठवड्याची तारीख मिळाली होती.

“लग्नाआधी चिरफाड? न्हाई म्हंजे न्हाई!” चंद्रभागाबाई ओरडल्या. “हळदीची पोती उचलायचा माज केला ना? भोग आता!”

“माय म्हणते तेच बराबर हाय,” वैजनाथ खाली मान घालून म्हणाला.

कोमल ताडकन उठली. “आजे, आपल्या घरी पोती गडी उचलतेत! हात कशानं सुजला, असं डॉक्टरनं इचारलं तवा माय पोत्यांचं खोटं बोलली. काहून बोलली? तुझं नाव घ्यायचं नव्हतं तिला! तीन वर्सं ती तुलाच उचलून राहिली, आजे!”

“कोमे, गप!” मनकर्णेचा स्वर फाटला.

सासूची नजर पदराआडच्या त्या हातावर खिळली होती. ती नजर असह्य होऊन मनकर्णा नेहमीसारखी खाटेवर वाकली. “आत्याबाई, चला... पाणी निवून राहिलं.”

“सर मागं!” म्हातारीनं तिला ढकललं. “वैजा, तू ये. उचल मला.”

“मी? माय, लोकं काय म्हणतील?”

“लोकं गेले चुलीत! मायला उचलायला लाजतो, आन् बायकोचा हात नासताना न्हाई लाजला? लग्न पुढं ढकल. आधी हिचं आपरेशन!”

वैजनाथनं आईला उचललं. मनकर्णा पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागली... इतक्या वर्षांचं सारं दुःख वाहून चाललं होतं! चंद्रभागाबाईंनी मात्र सुनेकडं पाहिलं नाही. पाहायचं धैर्यच उरलं नव्हतं. न्हाणीच्या दारातून त्यांचा आवाज आला, अजूनही तसाच खरखरीत.

“कासारदादा, हिचा हात बरा झाला की या. तवर माझ्या नातीलाबी चुडा भरू नका.”