शेवटच्या डिस्कची टोपी

मोबाइल ठेव रे आधी खाली. आणि दात काढायचे नाहीत. हे माझ्या शेजारच्या वायऱ्याबरोबर घडलंय. खिशातून कायम वायर लोंबायची, म्हणून वायऱ्या. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. भित्रा मुळीच नव्हता, उलट जरा आगाऊच.

गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. दुकान बंद करून रात्री दहाला तो नदीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या काकांकडे गेला. काम साधंच होतं. काकांचा मुलगा घरातच गाणी रेकॉर्ड करायचा. पावसाळ्यात त्याची मोटारसायकल पुलावरून खाली गेली. गाडी मिळाली, पोरगा नाही मिळाला. त्याचा आवाज तेवढा तीन जुन्या डिस्कमध्ये उरला होता.

"एकदा ऐकव मला," काका म्हणाले. "बाकी काही नको रे."

वायऱ्याने तिन्ही डिस्क एकापुढे एक जोडल्या, प्रत्येकीला वेगळा नंबर दिला. आता अशा माळेत शेवटच्या डिस्कला टोपी, म्हणजे मागच्या खाचेवर दोन कड्यांनी बसणारं झाकण, लावावीच लागते. टोक उघडं राहिलं, तर सिग्नल तिथे आपटून माघारी येतो आणि गोंधळ घालतो. आत साठवलेलं पुसलंही जाऊ शकतं.

"टोपी कुठंय, काका?"

"त्याच्या खिशात. आपल्या मागे मशीनला कुणी हात लावू नये म्हणून काढून न्यायचा. त्या दिवशीही नेली होती."

म्हणजे गेली पाण्यात! आणि असली जुनी टोपी आता कुठे शोधून सापडत नाही. पण काकांचा चेहरा बघून वायऱ्याला नाही म्हणवेना. "वायर आखूड आहे, टोपीशिवाय चालून जाईल," म्हणाला, आणि दाबलं बटण. नको तिथे शहाणपणा, दुसरं काय!

पडद्यावर नंबर उमटले. एक. दोन. तीन.

चार.

"चौथी कुठून आणलीस?" काकांनी विचारलं.

वायऱ्याने डिस्क परत मोजल्या. चौथी नव्हतीच.

डिस्क करकरायला लागल्या. पडद्यावरची गाण्यांची नावं एकेक करून जायला लागली. वायऱ्याचा हात बटणाकडे गेला. पोराचा उरलासुरला आवाज आपल्या हातून पुसला जातोय...

"काका... बंद करतो..."

तेवढ्यात चिखलाचा वास आला. ओल्या चिखलाचा. मशीनच्या मागे काहीतरी हललं.

खट्.

टोपीची एक कडी लागल्यासारखं.

काकांनी वायऱ्याचं मनगट धरलं. दोघांची नजर पडद्यावर. मागे बघायची छातीच होईना...

खट्.

करकर थांबली. नावं परत आली. एक, दोन, तीन. चार नाही.

आणि गाणं सुरू झालं. काका ढसाढसा रडले.

गाणं संपल्यावर वायऱ्याने कसंबसं मागे वाकून बघितलं. शेवटच्या डिस्कला टोपी होती. दोन्ही कड्या घट्ट. खाली पाणी ठिबकत होतं.

टोपी अजून तिथेच आहे. रोज सकाळी तिच्याखाली पाणी साचलेलं असतं. काका ते फडक्याने पुसतात, आणि मग गाणं लावतात.